उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

फ्रिजचे दार लावल्यावर आतला दिवा विझतो की चालूच राहतो? हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला नाही असा विज्ञानशिक्षक विरळाच. दार उघडून पाहावे तर दिवा लागलेला असतो, आणि दार लावले की पाहण्याची सोय उरत नाही. चौकस मुले चौकटीतले बटण बोटाने दाबून पाहतात. दिवा विझतो आणि त्यांचे समाधान होते. पण बोटाने जेवढे दाबले तेवढेच ते बटण दारही दाबते का, हा प्रश्न तसाच राहतो. गेल्या वर्षी आमच्या संस्थेत याच प्रश्नाच्या एका भावंडाने कित्येक महिने गोंधळ घातला, दोन बॅटऱ्यांचा खर्च करवला आणि निवृत्तीला आलेल्या एका ड्रायव्हरवर लेखी खुलासा देण्याची पाळी आणली.

संस्थेची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. नदीच्या पाण्याचे नमुने गोळा करायला ती आठवड्यातून दोन-तीनदा जाते. सोमवारी सकाळी साडेसातला निघायचे, तर किल्ली फिरवल्यावर इंजिनाऐवजी बॉनेटखालून नुसती टक्-टक्-टक् ऐकू येई. मग जंप केबल, नाहीतर धक्का. कार्यालयाने बॅटरी बदलली. दोन महिने बरे गेले आणि सोमवारचे रडगाणे पुन्हा सुरू झाले. दुसऱ्यांदा बॅटरी बदलली, तरी तेच. गॅरेजवाल्याने गाडी दोनदा तपासून ‘काही दोष नाही’ असे सांगितले. मधे ड्रायव्हरकाका पंधरा दिवस रजेवर गेले आणि बदली ड्रायव्हर आला. त्या दोन्ही सोमवारी गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. कार्यालयाला आणखी पुरावा नको होता. काका शुक्रवारी दिवे चालू ठेवून घरी जातात, तेव्हा दुसऱ्या बॅटरीची किंमत त्यांच्या पगारातून का कापू नये याचा खुलासा करावा, असे पत्र निघाले. ते पत्र घेऊन काका आमच्या प्रयोगशाळेत आले. “साहेब, तुम्ही करंट मोजता, एवढं मोजून द्या,” इतकेच ते म्हणाले.

आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी सकाळी रिकामी आढळली तर आपण काय विचार करतो? एक, टाकीच गळत असेल. दोन, घरात कुठेतरी नळ उघडा राहिला असेल. तीन, रात्री पंपाने ती भरलीच नसेल. चौथी शक्यता सहसा नसते. बॅटरीचेही असेच आहे. बॅटरी स्वतःच आतल्या आत साठा गमावते, किंवा गाडीतले एखादे उपकरण चोरून वीज घेते, किंवा गाडी चालताना अल्टरनेटर तिला पुरती भरतच नाही. या तीन शक्यता वेगळ्या करणे हाच सगळ्या तपासाचा गाभा. रिकामी बॅटरी दिसली की बॅटरी बदलणे म्हणजे टाकी रिकामी दिसली की नवी टाकी आणणे होय.

टाकीची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, आणि ती जागा समजून घेण्यासारखी आहे. गाडीतली शिसे-आम्ल बॅटरी ही फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली केलेल्या घटाची वंशज. तिच्यात सहा घट एकसर जोडलेले असतात. प्रत्येक घटात एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची आणि भोवती सौम्य सल्फ्यूरिक आम्ल. वीज दिली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्लातून सल्फेट निघून गेल्याने ते पाण्यासारखे पातळ होते. उलट दिशेने प्रवाह सोडला की सल्फेट पुन्हा आम्लात जाते. म्हणून आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहून बॅटरी किती भरली आहे हे सांगता येते. भरलेल्या बॅटरीत ते १.२५ ते १.२८च्या दरम्यान असते आणि उतरलेल्या बॅटरीत १.१च्या आसपास येते. जुन्या गॅरेजांतला काचेच्या नळीचा हायड्रोमीटर याचसाठी असे. हल्लीच्या बंद बॅटऱ्यांत तो बुडवता येत नाही, म्हणून व्होल्टमीटरवर काम भागवावे लागते. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विसावल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरलेली सुमारे १२.२, आणि १२च्या खाली गेली की तिच्यात फारसे उरलेले नसते. म्हणजे पूर्ण आणि रिकामी यांतले अंतर एका व्होल्टहूनही कमी. ‘बारा व्होल्ट दाखवते म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हे वाक्य कितीदा ऐकले असेल, पण नेमके बारा दाखवणारी बॅटरी जवळजवळ उतरलेली असते.

‘काही तास विसावल्यावर’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीत पट्ट्यांच्या पृष्ठभागाजवळचे आम्ल दाट असते आणि आतल्या बाजूचे अजून पातळ. त्यामुळे गाडी थांबवल्या-थांबवल्या मोजले तर अर्धी भरलेली बॅटरीही १२.७ दाखवून आपल्याला फसवते. मोजण्यापूर्वी चार मिनिटे पुढचे दिवे लावून विझवले, किंवा रात्रभर थांबले, की खरा आकडा मिळतो.

आता स्टार्टरचा विचार करू. छोटे पेट्रोल इंजिन फिरवायला सुमारे १५० अँपिअर प्रवाह लागतो, पण तो दोनच सेकंद. ३०० अँपिअर-सेकंद म्हणजे ०.०८ अँपिअर-तास. आमच्या गाडीच्या बॅटरीची क्षमता ३५ अँपिअर-तास आहे, म्हणजे या हिशेबाने चारशे वेळा गाडी चालू व्हायला हवी. तशी ती होत नाही, कारण एवढा प्रवाह एकदम देताना बॅटरीचा अंतर्गत रोध आड येतो. हे मुलांना पटवायचे असेल तर आठ पेन्सिल सेल एकसर जोडून व्होल्टमीटरला लावून दाखवावेत. काटा बारावर जातो. या सेलांनी मोटार सुरू होईल का, असे विचारावे. एका पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध सुमारे पाव ओहम धरला तर आठांचा दोन ओहम होतो. बाहेर काही रोधच नसला तरी सहा अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह मिळणार नाही. गाडीच्या चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी असतो. १५० अँपिअर घेतले तर दीड व्होल्ट आत खर्च होतात आणि स्टार्टरला अकरा मिळतात. पण बॅटरी उतरली की आम्ल पातळ होते, पट्ट्या सल्फेटने झाकल्या जातात आणि हा रोध कित्येक पट वाढतो. किल्ली फिरवताच सोलेनॉइड ओढला जातो, स्टार्टरने प्रवाह मागितला की विभव कोसळते, सोलेनॉइड सुटतो, मागणी थांबताच विभव पुन्हा चढते, सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. सोमवारची टक्-टक् ती हीच.

सल्फेटचा आणखी एक उपद्रव आहे. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते आणि चार्जिंगला लावल्यावर सहज विरघळते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत तशीच पडून राहिली, तर त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात आणि ते परत आम्लात जायला तयार नसतात. बॅटरीची क्षमता कायमची घटते. गाडीची बॅटरी मुळात थोडे खर्चून लगेच भरण्यासाठी बनवलेली असते, दर आठवड्याला तळ गाठण्यासाठी नव्हे. म्हणूनच आमच्या गाडीची पहिली बॅटरी दुकानदाराने तपासली तेव्हा ती खरोखरच खराब निघाली होती. ते निदान चूक नव्हते. पण ती खराब होती म्हणून उतरत होती, की वारंवार उतरत होती म्हणून खराब झाली, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आम्ही तिसऱ्या शक्यतेपासून सुरुवात केली, कारण ती तपासायला एकच मिनिट लागते. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांमधले विभवांतर मोजले. ते १४.२ व्होल्ट भरले. १३.८ ते १४.५च्या दरम्यान काहीही चालते. दिवे आणि पंखा लावल्यावरही ते १३.९च्या खाली गेले नाही. अल्टरनेटर निर्दोष ठरला.

पहिल्या शक्यतेसाठी धीर लागतो. बॅटरी रात्रभर चार्ज केली, दिवसभर विसावू दिली, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिची ऋण बाजूची केबल सोडवून गाडी तशीच उभी केली. त्या वेळी १२.६२ व्होल्ट होते. सोमवारी सकाळी १२.६० भरले. केबल जोडली, किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. चांगली बॅटरी एकटी ठेवली तर महिन्याला काही टक्केच साठा गमावते. उन्हाळ्यात हा वेग वाढतो, तापमान दहा अंशांनी चढले की साधारण दुप्पट होतो, पण दोन-तीन दिवसांत रिकामे होण्याचा प्रश्नच येत नाही. टाकी गळत नव्हती. म्हणजे कुठेतरी नळ उघडा होता.

येथे एक सूचना, कारण हे वाचून कोणी लगेच पाना हाती घेईल. आधी ऋण बाजूच सोडवायची. गाडीचे सगळे लोखंडी अंग ऋण टोकाला जोडलेले असते. धन बाजू सोडवताना पाना चुकून अंगाला लागला तर त्या पान्यातून शेकडो अँपिअर वाहतात. ऋण बाजू आधी सुटली असली तर मंडलच पुरे होत नाही. हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ ठिणगी नको. आम्ल डोळ्यांत किंवा कपड्यांवर जाणार नाही याची काळजी घ्यावीच.

उघडा नळ शोधायचा म्हणजे उभ्या गाडीत वाहणारा प्रवाह मोजायचा. अ‍ॅमीटर एकसर जोडायचा, हे नववी-दहावीतले वाक्य येथे फार कामाला येते. ऋण टोक आणि सोडवलेली ऋण केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर, तोही १० अँपिअरच्या खुंटीवर. सवयीने तो धन आणि ऋण टोकांना समांतर लावला तर ते लघुमंडल होते आणि मीटरचा फ्यूज, कधी मीटरच, जळतो. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही. सुरुवात मिलिअँपिअरच्या पट्ट्याने करायची नाही, कारण नुसते दार उघडले तरी अँपिअरभर प्रवाह जाऊ शकतो.

प्रवाह शून्य यावा अशी अपेक्षा मात्र चुकीची. घड्याळ, रेडिओची स्मृती, चोरघंटा, इंजिनाचा नियंत्रक हे गाडी बंद असतानाही थोडी वीज घेतात. सर्व मिळून २० ते ५० मिलिअँपिअर हे सर्वसाधारण समजले जाते. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. २०२०च्या टाळेबंदीत दोन-दोन महिने दारात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या जागच्या हलल्या नाहीत, त्या दोष नसतानाही.

आणखी एक अडचण. गाडीतली इलेक्ट्रॉनिक उपकरणे किल्ली काढल्याबरोबर झोपत नाहीत. काही मिनिटे, नव्या महाग गाड्यांत तर अर्धा-पाऊण तास जागी राहून एकेक करून निजतात. दर मिनिटाला प्रवाह मोजून आलेख काढला तर तो जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरताना दिसतो. शिवाय मीटर जोडण्यासाठी केबल सोडवली की क्षणभर वीज जाते, पुन्हा जोडल्यावर सगळी उपकरणे नव्याने जागी होतात, आणि अडकून बसलेले एखादे उपकरण त्या झटक्यात सुटून दोष नाहीसाही होतो. डॉक्टर दारात आल्यावर रोगी उठून बसावा तसे. यावर उपाय सोपा आहे. मीटरचे एक टोक ऋण केबलच्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या खांबाला आधी पक्के लावायचे आणि मग केबल अलगद उचलायची. प्रवाह मीटरमधून वाहू लागतो, मंडल एकदाही तुटत नाही.

एका बुधवारी दुपारी आम्ही हे सगळे शिस्तीत केले. डिकीतून हत्यारे काढली, डिकी लावली, मीटर जोडला, वीस मिनिटे थांबलो. आकडा स्थिरावला ०.०२ अँपिअरवर. म्हणजे गाडी निर्दोष! गॅरेजवालाही हेच म्हणत होता. मग उरले काका. खरे सांगायचे तर त्या दुपारी आमच्याही मनात तो विचार येऊन गेला. गाडी फक्त त्यांच्याच हाती बिघडते, बदली ड्रायव्हरच्या हाती नाही, मीटरही काही दाखवत नाही. इतका सरळ पुरावा समोर असताना दुसरे काय म्हणणार?

काका मीटरकडे पाहत म्हणाले, “साहेब, गाडी तुम्ही लावलीत. शुक्रवारी मी लावतो तशी मला लावू द्या, मग मोजा.”

हे आम्हाला सुचायला हवे होते. दोष ज्या परिस्थितीत दिसतो ती परिस्थिती न जुळवताच आम्ही दोष नसल्याचा निर्वाळा देत होतो. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही हत्यारे आधीच हातात घेऊन उभे राहिलो आणि गाडीला हात लावायचा नाही असे ठरवले. काकांनी गाडी आणली, दिवे बंद केले, ते बंद झाल्याचे पुढे जाऊन पाहिले, मागून उपकरणांच्या पेट्या काढल्या, डिकीचे झाकण दोन्ही हातांनी खाली आणून कडी बसेपर्यंत हलकेच दाबले, दारे लावली, बॉनेट उघडून दिले. आम्ही मीटर जोडला. पंधरा मिनिटांनी आकडा ०.४४ होता. अर्ध्या तासानेही ०.४४.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते सोमवारी सकाळी साडेसात म्हणजे ६२ तास. ०.४४ने गुणले तर २७ अँपिअर-तास. बॅटरीच्या ३५पैकी उरले आठ, तेही नव्या बॅटरीत. आठवड्यातल्या एका रात्रीच्या चौदा तासांत सहा अँपिअर-तास जात आणि दुसऱ्या दिवशीच्या धावण्यात बरेचसे भरून निघत. म्हणून मंगळवार ते शुक्रवार गाडी चाले आणि सोमवारी बसे. ‘सोमवारीच का?’ हा प्रश्न सुरुवातीलाच नीट विचारला असता तर उघडा नळ केवढा आहे याचा अंदाज मीटरशिवायही बांधता आला असता.

आता नळ कुठला? प्रत्येक शाखेला आपापला फ्यूज असतो. एकेक फ्यूज काढायचा, मीटर पाहायचा, परत बसवायचा आणि मग पुढचा काढायचा. एका वेळी एकच. फ्यूजची पेटी आमच्या गाडीत आत, चाकाच्या खाली आहे. तिच्यासाठी दार उघडले की छताचा दिवा लागून आकडा वाढे, म्हणून दाराच्या चौकटीतले बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले. सातव्या फ्यूजला आकडा ०.०१वर आला. झाकणावरच्या तक्त्यात त्या फ्यूजपुढे तीन नावे होती : छताचा दिवा, डिकीतला दिवा, रेडिओ व घड्याळ. छताचा दिवा काचेतून दिसत होता, तो विझलेला होता. घड्याळ एवढी वीज घेत नाही. डिकीत पाच वॉटचा दिवा आहे. ५ भागिले १२, म्हणजे ०.४२.

फ्रिजचा प्रश्न तो हा असा परत आला. आमच्या लहानपणी नव्हती अशी एक सोय आता आहे. भ्रमणध्वनीवर चित्रण सुरू करून तो डिकीत ठेवला आणि काकांना झाकण त्यांच्या पद्धतीने लावायला सांगितले. दोन मिनिटांच्या चित्रणात दिवा अखंड जळत होता. मग मीटरवर डोळा ठेवून झाकणावर हाताने एक थाप मारली. ०.४४चे ०.०२ झाले. झाकणाच्या आतल्या बाजूला एक रबरी बुटका असतो, तो दिव्याचे बटण दाबतो. तो झिजून अर्धा झाला होता. झाकण आपटले तर धक्क्याने ते खाली बसे, बटण पुरते दाबले जाऊन अडके आणि दिवा विझे. हळू लावले तर कडी बसे, पण बटण अर्धेच दाबले जाई. आम्ही दोन्ही गोष्टी दहा-दहा वेळा करून पाहिल्या. आपटल्यावर दहाही वेळा दिवा विझला. हळू लावल्यावर आठ वेळा चालू राहिला.

गॅरेजवाला डिकी आपटतो. बदली ड्रायव्हर आपटत असे. बुधवारी हत्यारे काढल्यावर आम्हीही ती आपटली होती. पेट्यांमधली उपकरणे नाजूक आहेत, झाकण आपटू नका, असे चार वर्षांपूर्वी आम्हीच काकांना सांगितले होते आणि ते त्यांनी तेव्हापासून पाळले होते. आठवड्याभरात आम्ही मोजमापांचा कागद कार्यालयाला दिला. पत्र मागे घेतले गेले. रबरी बुटका चहाच्या दोन कपांच्या किमतीत आला. त्याबरोबर जुन्या दिव्याच्या जागी अर्ध्या वॉटचा एल.ई.डी. दिवा बसवला. तो चुकून चालू राहिला तरी शनिवार-रविवारसकट अडीच अँपिअर-तासांच्या वर जाणार नाही.

सर्वच गाड्यांत दोष इतक्या सहज सापडत नाही. सगळे फ्यूज काढूनही प्रवाह कमी झाला नाही तर फ्यूजच्या पेटीला वळसा घालून जाणाऱ्या जाड तारा आठवाव्यात. स्टार्टरची एक आणि अल्टरनेटरची दुसरी. अल्टरनेटरमधले डायोड प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात, आणि विहिरीच्या पंपाखालच्या झडपेप्रमाणे उलटा प्रवाहही रोखतात. ती झडप गळू लागली तर गाडी चालताना भरलेली बॅटरी उभी असताना अल्टरनेटरमधूनच परत रिकामी होते. मागाहून बसवलेली उपकरणे, म्हणजे गाणी वाजवण्याचा संच, मागचा कॅमेरा, गाडी कुठे आहे हे कळवणारे यंत्र, हीही नेहमीची संशयित मंडळी. ती बसवणारा बहुधा जवळची तार पाहून जोड देतो. त्या तारेत किल्ली बंद केल्यावरही वीज असली तर उपकरण अहोरात्र चालू राहते. बॅटरीच्या माथ्यावर साचलेली ओल, धूळ आणि आम्ल यांचा थरही थोडी वीज वाहून नेतो. व्होल्टमीटरची एक सुई ऋण टोकाला लावून दुसरी नुसती माथ्यावरून फिरवली तरी काही व्होल्ट दिसतात. ओल्या फडक्याने पुसून घेतले की ते नाहीसे होतात.

फ्यूज काढल्याने नव्या गाड्यांतली उपकरणे जागी होतात, त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. फ्यूज जागेवरच ठेवून त्या दोन ठिपक्यांमधले विभवांतर मिलिव्होल्टमध्ये मोजायचे. प्रवाह नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध सुमारे ७ मिलिओहम धरला तर आमच्या ०.४४ अँपिअरला तीन मिलिव्होल्ट मिळाले असते, आणि साधा मल्टिमीटरही ते दाखवतो. ओहमचा नियम यापेक्षा उपयोगी पडलेला आम्ही तरी फारसा पाहिलेला नाही.

वर्गात गाडी आणता येत नाही आणि मुलांना तिच्या बॅटरीशी खेळू देणेही बरे नाही. त्याऐवजी बुटाच्या खोक्यात चार सेल, एक छोटा बल्ब, एक एल.ई.डी. व तिचा रोध, आणि १००० ओहमचा एक सुटा रोध अशा तीन समांतर शाखा बसवाव्यात. प्रत्येक शाखेत काढता येणारी एकेक टाचणी फ्यूज म्हणून असावी आणि टाचण्यांची डोकी तेवढी खोक्याबाहेर दिसावीत. मुख्य तार एका जागी तोडून दोन टोके बाहेर काढावीत, तेथे मिलिअ‍ॅमीटर जोडता येतो. झाकण बंद ठेवून मुलांनी सांगायचे की आत काय काय आहे आणि सर्वांत जास्त वीज कोण घेते. दोन तासिकांत होण्यासारखे आहे. बल्बच्या शाखेत झाकणाने दाबले जाणारे बटण घालावे, आणि एका गटाच्या खोक्यात ते मुद्दाम किंचित आखूड ठेवावे. त्या गटाची उत्तरे बाकीच्यांशी जुळणार नाहीत. शिक्षकांनी तेव्हा लगेच काही सांगू नये.